बिगरबिल्टीची हवा

दिवाळी संपली की गोदामबाबूंचं तोंड बंद व्हायचं, ते होळीपर्यंत. म्हणजे सायकलवर असताना. एरवी ते बोलायचे, आणि जे बोलायचे त्यात कोणावर ना कोणावर संशय असायचाच. पण हिवाळ्यात सायकलच्या सीटवर बसल्यापासून उतरेपर्यंत त्यांचे ओठ उघडलेले मी कधी पाहिले नाहीत. ओळखीचं कोणी दिसलं तर घंटी एकदा वाजवायची, हा नमस्कार. दोनदा वाजवली तर ‘ठीक आहे, निघा आता’. एकदा अमरावती रोडवर एका ट्रकवाल्यानं त्यांना घासून गाडी नेली, मागचं मडगार्ड वाकवलं. तरी त्यांनी शिवी दिली नाही. ऑफिसात पोचले, सायकल भिंतीला टेकवली, नाकावरचा मफलर सोडला, भिंतीकडे तोंड करून मिनिटभर उभे राहिले. मग त्या ट्रकवाल्याला, त्याच्या ट्रकला आणि ट्रकच्या मालकाला जी लाखोली वाहायची होती ती सावकाश वाहिली. ट्रक तोवर कोंढाळीच्या पुढं गेला असेल.

शहराबाहेर वाडीला एका मालवाहतूक कंपनीचं गोदाम होतं आणि गोदामाला चिकटून तीन खोल्यांचं ऑफिस. सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी तिथं टायपिस्ट होते आणि ते गोदाम सांभाळायचे. समोर सगळे त्यांना गोदामबाबू म्हणायचे, पाठीमागं नाकबाबू. वय पन्नाशीच्या जवळ. उंच, हाडकुळे, आणि हिवाळाभर स्वेटरच्या आत छातीवर जुन्या वर्तमानपत्राची चौघडी. ते चालले की ती कुरकुरायची. त्यामुळे ते येतायत हे आधीच कळायचं आणि हमाल विड्या विझवायचे.

माल आला की बिल्टी, म्हणजे मालाबरोबरची पावती, ते सगळ्यात शेवटी वाचायचे. आधी हुंगायचे. गोणीभोवती एक फेरी, मग वाकून एक लांब श्वास. "बिल्टी माणूस लिहिते गा," ते हमालांना सांगायचे, "वास माणूस लिहित नाई." एकदा होजिअरी म्हणून आलेल्या सहा पेट्या त्यांनी ट्रकवर चढू दिल्या नाहीत. मॅनेजर भडकले. शेवटी पेट्या फोडल्या, तर वर बनियनांचा एक थर आणि खाली फटाके. तेव्हापासून मॅनेजर त्यांच्याशी जरा हळू आवाजात बोलायचे.

उलटंही व्हायचं. एक लाकडी पेटी त्यांनी तीन दिवस अडवून ठेवली. तिला कसलाच वास नव्हता, हाच त्यांचा आक्षेप. हमालानं पेटी आडवी केली तर आतून एक लांब सुस्कारा आला. गोदामबाबू दोन पावलं मागं सरले. "आत कोणी श्वास घेऊन राहिलं," ते म्हणाले. आम्हा सगळ्यांचे चेहरे उतरले. पेटी उघडली तेव्हा हार्मोनिअम निघाली. ज्या गाण्याच्या मास्तरांनी ती मागवली होती ते बिचारे तीन दिवस खेपा घालत होते. गोदामबाबूंनी त्यांची माफी मागितली नाही. भात्याला बोट लावून म्हणाले, "श्वास घेत होती न? मंग मी काय खोटं बोललो?"

अशा माणसाचा हवेवर तरी विश्वास कसा असणार? थंड हवेवर तर मुळीच नव्हता. "नाकात नाका आहे," ते सांगायचे. "तिथं हवेची तपासणी होते. थंडी मोडते, धूळ निघते, मंग थे आत जाते. थे बिल्टीची हवा. तोंडातून घेतली थे बिगरबिल्टीची. सिधी छातीत उतरते, कोणी विचारत नाई." वाडीत सकाळी ट्रकवाले जुने टायर जाळून शेकत बसलेले असायचे. गोदामबाबू पन्नास पावलं आधीच सायकलवरून उतरायचे आणि गालांत वारा भरल्यासारखं तोंड करून, लांबचा वळसा घेऊन सायकल ढकलत यायचे. ड्रायव्हर हसायचे. मीही हसायची. खरं तर मला हसायचा काहीच अधिकार नव्हता.

मला लहानपणापासून दमा होता. नोकरीच्या अर्जात ‘प्रकृती’ या रकान्यात मी ‘उत्तम’ असं लिहिलं होतं. ऑगस्टात लागले होते, सहा महिने तात्पुरती. फेब्रुवारीत कायम करायचं की नाही ते ठरणार होतं. घर धरमपेठेत. आई लवकर गेली होती, बाबा नुकतेच सरकारी कचेरीतून रिटायर झाले होते. मी वाडीला सायकलनं जायची, पाऊण तास लागायचा. पावसाळा निभावला. डिसेंबर आला आणि रविनगर ओलांडेपर्यंत छातीत शीळ वाजायला लागली.

त्याच दिवसांत मला पुढं एक सायकल दिसू लागली.

रविनगर चौकात मी पोचले की ती चाळीस-पन्नास पावलांवर असायची. पाठ मी लगेच ओळखली. मी हळू झाले की ती हळू. चढावर मला उतरावं लागायचं. हँडल धरून मी उभी राहिले की गोदामबाबूही उतरायचे आणि वाकून चेन बघितल्यासारखं करायचे. मागं वळून मात्र एकदाही बघायचे नाहीत. न बघता यांना कसं कळतं, याचीच मला धास्ती बसली. एक दिवस मी दहा मिनिटं लवकर निघाले. ते होते. दुसऱ्या दिवशी वीस मिनिटं उशिरा निघाले. ते होते. ऑफिसात मात्र जणू रस्त्यावर काही घडलंच नाही अशा चेहऱ्यानं माझ्या टाइप केलेल्या कागदांवर नाक फिरवायचे.

मी बाबांना सांगितलं. बाबा पेपर वाचत होते.

"आडनाव काय त्यांचं?"

मी सांगितलं. ते घर छप्पन साली बौद्ध दीक्षा घेतलेल्या घरांपैकी होतं, हे आडनावावरून बाबांना कळलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"जपून राहा," एवढंच म्हणाले. बाबा सुधारक विचारांचे आहेत, असं आम्ही सगळे समजत असू. तेही समजत.

डिसेंबरच्या शेवटी गोदामात मिरचीची गोणी फुटली. हमालांनी थप्पीवरून टाकली आणि ती खाली येऊन उसवली. भिवापुरी मिरची, वरून कोरडी थंडी. क्षणात गोदाम लाल झालं. सगळे खोकत, शिंकत, हसत बाहेर पळाले. मी एक बिल्टी जुळवायला आत गेले होते. दारापर्यंत पोचले नाही. ताडपत्रीच्या ढिगामागं बसले आणि श्वास बाहेर जाईनासा झाला. आत घ्यायला होत नाही असं लोकांना वाटतं, पण दम्यात आधी बाहेर सोडणं बंद होतं.

वर्तमानपत्र कुरकुरलं. गोदामबाबू माझ्यासमोर येऊन पाठ करून उभे राहिले. बाहेरून कोणीतरी ओरडलं, "बाबू, अंदर कोन है?"

"मांजर व्याली आहे," ते ओरडले. "इकडं कोणी येऊ नका, चावते थे."

मग मागं न वळता, माझ्याशी हळू आवाजात: "बोलू नका. मेणबत्ती विझवाची नाई, फक्त ज्योत हलवाची, असे ओठ करा. हं. आता सोडा. घेऊ नका, सोडा. घ्याचं काम आपसूक होते. हयू. अजून हयू."

मी हळू, अजून हळू सोडत गेले. किती वेळ गेला सांगता येत नाही. शीळ उतरली. तेव्हा ते वळले.

"लहानपणापासून आहे न हे?"

"नाही," मी म्हटलं. "मिरचीनं झालं."

त्यांनी माझ्याकडे, एखाद्या चुकीच्या बिल्टीकडे बघावं तसं बघितलं. "खोटं बोलाले बी श्वास लागते बाई. पयले थो पुरा करा, मंग बोला."

त्या संध्याकाळी घरी जाताना छाती मोकळी होती आणि डोक्यात मात्र एकच गोष्ट घोळत होती. यांना कळलंय. ज्या माणसानं फटाक्यांची पेटी सोडली नाही तो मला सोडेल?

दुसऱ्या दिवशी सकाळी ते रविनगर चौकात सायकल उभी करून थांबले होते. त्यांनी मफलर खाली केला, मिनिटभर गप्प राहिले आणि मग बोलले. हिवाळ्यात रस्त्यावर त्यांनी तोंड उघडलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

"घरून निघाल्या का लगेच जोरात हाणता तुमी. पयले दहा मिनिट सायकल नाई, बैलगाडी चालवा. छाती गरम होऊ द्या. नाकावर हे असं काही बांधा, पण घट्ट नाई, आपलीच गरम वाफ आपल्याले परत आली पाह्यजे. चार पायडल घ्या, सहा पायडल सोडा. चढावर तोंड उघडावं वाटलं तं समजा जोर जास्त होऊन राहिला. तोंड नका उघडू, जोर कमी करा. अन् माह्या चाकाच्या पुढं जाऊ नका. मी हयू तं तुमी हयू."

"तुम्हाला मागं न बघता कसं कळतं मी थांबले ते?"

"तुमची चेन वाजते. वाजणं थांबलं का तुमी थांबल्या. तेल टाका तिले."

"आणि हे सगळं तुम्हाला कसं ठाऊक?"

"गिरणीत पंधरा वर्षं कापूस खाल्ला नाकातोंडानं," ते म्हणाले. "बाकी नका विचारू."

मग त्यांनी थर्मास काढला, झाकणात पाणी ओतलं आणि माझ्यापुढं धरलं. पाण्यातून वाफ निघत होती. "कोमट आहे. दोन घोट घ्या, मंग चालू."

"मी घरून पिऊन आले," मी म्हटलं.

मी पिऊन आले नव्हते. घसा कोरडा पडला होता. परक्या माणसाच्या हातचं कसं प्यायचं, असं कारण मी स्वतःला दिलं. पण ऑफिसात दुसऱ्या परक्या माणसांच्या हातचा चहा मी रोज प्यायची. गोदामबाबूंनी हात लगेच मागं घेतला नाही. क्षणभर तसाच धरला, मग पाणी स्वतः प्यायले, झाकण झटकलं, फिरवून बसवलं. पुन्हा कधी विचारलं नाही. त्यांना कळलं असणार. गोणीतला माल बाहेरून ओळखणाऱ्याला हे न कळायला काय झालं.

शालीचं टोक नाकावरून घेऊन, चार पायडल, सहा पायडल मोजत मी त्यांच्या मागून जायला लागले. पहिला आठवडा चीड आली. इतकं हळू की दूधवाले पुढं जायचे. पण जानेवारीच्या मध्यावर एक दिवस लक्षात आलं की चढ मागं पडलाय आणि मी उतरलेच नाही. फुटाळ्याकडून धुकं येत होतं, कानाच्या पाळ्या थंडीनं दुखत होत्या, आणि छाती मात्र शांत होती. मला ओरडावंसं वाटलं. तोंड उघडायचं नव्हतं म्हणून घंटी वाजवली. पुढून एकदा घंटी वाजली, मग लगेच दोनदा. ठीक आहे, निघा आता.

तरी संशय गेला नव्हता. उलट वाढत होता. हा माणूस मला का शिकवतोय? याला काय हवंय? ऑफिसातला कारकून एकदा डोळा बारीक करून म्हणाला, "आजकाल दोन सायकली बरोबरच येतात." मी त्या दिवशी गोदामबाबूंशी एक शब्द बोलले नाही. त्यांनीही कारण विचारलं नाही.

जानेवारीच्या अखेरीस मॅनेजरांनी मला बोलावलं. ते हिंदी मुलखातले, माणूस वाईट नव्हता, फक्त कटकटीला भिणारा.

"मैडम, एक चिट्ठी आई है. नाम नहीं लिखा. लिखा है आपको बचपन से दमा है. सच है क्या?"

"कधी आली?" मी विचारलं.

"यहाँ धूल है, मिर्ची है. कल को कुछ हो गया तो जवाब कौन देगा? डॉक्टर का सर्टिफिकेट लाओ. नहीं तो फरवरी में कायम करना मुश्किल है."

ऑफिसात माझा दमा एकाच माणसाला माहीत होता. मी सरळ गोदामाच्या दाराशी गेले. गोदामबाबू बाहेरचं एक काम उरकून नुकतेच सायकलवरून परतले होते, भिंतीकडे तोंड करून आपलं मिनिट मोजत उभे होते. हमाल आजूबाजूला होते. मी कोणाची पर्वा केली नाही.

"तुम्हीच लिहिलंत! दोन महिने पुढं पुढं करून हेच करायचं होतं ना? सरळ तोंडावर तरी सांगायचं होतं मॅनेजरांना. निनावी चिठ्ठी कशाला?"

ते वळले नाहीत. भिंतीकडेच बघत राहिले. त्यामुळे मला आणखी राग आला आणि मी आणखीही काही बोलले. त्यातलं एक वाक्य असं होतं की ते मी आजही कोणाला सांगत नाही. हमालांनी माना खाली घातल्या. मिनिट पुरं झालं. त्यांनी मफलर सोडला आणि घडी केली.

"चिठ्ठी पाह्यली काय तुमी?"

"नाही. पण..."

"मंग पयले पाहा. अक्षर पाहा. कागद उलटा करून पाहा. शाई हुंगा." त्यांचा आवाज नेहमीपेक्षा बारीक झाला होता. "तुमच्या जागी मी असतो तं मीबी माह्यावरच शक घेतला असता बाई. पण माल खोलल्याबिगर निकाल नसता देल्ला."

मी मॅनेजरांकडे परत गेले आणि चिठ्ठी मागितली. त्यांनी थोडे आढेवेढे घेऊन दिली. अक्षर उजवीकडे झुकलेलं, ‘ळ’च्या दोन्ही गाठी सारख्या. मागच्या बाजूला एका सरकारी कचेरीचा जुना छापील फॉर्म. तसल्या फॉर्मांचा गठ्ठा आमच्या घरी कपाटावर होता, मी लहानपणी त्यांच्या कोऱ्या बाजूवर गणितं सोडवायची. आणि ते ‘ळ’ माझा हात धरून मला शिकवलेले होते.

संध्याकाळी बाबा भाजी निवडत बसले होते. मी समोर बसले.

"चिठ्ठी तुम्ही लिहिलीत?"

मेथीची काडी त्यांच्या हातात तशीच राहिली. "कोणी सांगितलं?"

"तुमच्या ‘ळ’नं."

त्यांनी भाजीचं ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाले, "तुझी आई श्वासानंच गेली. तू रोज सकाळी अंधुक उजेडात निघते, मी खिडकीत उभा राहून ऐकत असतो. एक दिवस रस्त्यात पडशील आणि मला कोणीतरी सांगायला येईल. मी काय करू सांग."

"मला सांगायचं होतं."

"तू ऐकली असती?"

नसतं ऐकलं. पण मी आणखी एक विचारलं. "आणि ते? मी ज्यांच्यामागून जाते ते? चिठ्ठी लिहिताना ते नव्हते का तुमच्या मनात?"

बाबांनी ती काडी खुडली. "लोक बोलून राहिले होते," ते म्हणाले. "कोणाबद्दलही बोलले असते. दुसरा कोणी असता तरी मी..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. त्या चिठ्ठीत काळजी किती होती आणि आडनाव किती होतं, हे मला तेव्हा कळलं नाही. बाबा गेले, पण ते अजूनही कळलेलं नाही. आणि थर्मासचं झाकण आठवलं की बाबांना जाब विचारायचं माझं तोंड राहत नाही.

दमा नाही असं सर्टिफिकेट कोणता डॉक्टर देणार होता? मी दोन दिवस तळमळले आणि तिसऱ्या दिवशी मॅनेजरांसमोर उभी राहून खरं सांगितलं. दमा आहे, अर्जात खोटं लिहिलं, पण एक दिवसही रजा घेतलेली नाही. मॅनेजर पेपरवेट फिरवत राहिले. "मैडम, मेरी भी मजबूरी है," असं काहीतरी ते म्हणत असतानाच वर्तमानपत्र कुरकुरलं. गोदामबाबू दारात उभे होते. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं.

"साहब, इनको निकालना है तो पहले मेरे को निकालो."

"क्यों? आपका क्या संबंध?"

"मेरे को भी है. चौदा साल से है. गिरणी में लगा, इसलिए गिरणी छूटी. आपके यहाँ आया तब कागज पर नहीं लिखा."

मॅनेजरांचं पेपरवेट थांबलं. "कभी बताया नहीं आपने."

"आपने कभी पूछा नहीं. मिर्ची का बोरा फूटता है तो सबसे आखरी में कौन बाहर आता है, वो आपको मालूम है. बाहर आके दीवार की तरफ मुँह करके कायको खड़ा रहता, वो नहीं मालूम."

मी त्यांच्याकडे बघत होते. सकाळी भिंतीकडे तोंड करून उभं राहणं हा मला त्यांचा चक्रमपणा वाटत आला होता. ते दम परत मिळवत असत, आणि तो मिळवताना कोणी बघू नये म्हणून भिंतीकडे वळत असत. घरी चार मुलं होती. गिरणी सुटलेल्या, पन्नाशीला टेकलेल्या माणसाला दुसरं काम कोण देणार होतं? आणि हे सगळं तीन दिवसांपूर्वी हमालांसमोर त्यांना वाटेल ते बोललेल्या पोरीसाठी.

मॅनेजरांनी आम्हा दोघांना जायला सांगितलं. चार दिवस काही कळलं नाही. त्या चार दिवसांत आम्ही दोघं रोज आलो, ते पुढं, मी मागं, आणि एकमेकांशी काहीच बोललो नाही. पाचव्या दिवशी माझ्या हातात कायम झाल्याचा कागद पडला. टेबल बाहेरच्या खोलीत, खिडकीशी, आणि मिरचीचा माल चढत-उतरत असताना गोदामात पाऊल टाकायचं नाही. गोदामबाबूंबद्दल त्यात अक्षर नव्हतं. फटाक्यांची पेटी हुंगणारा दुसरा माणूस मॅनेजरांना मिळाला नसता, हे त्यांनाही माहीत होतं.

मी धावत गोदामात सांगायला गेले. गोदामबाबूंनी कागद घेतला, उलटा केला, उजेडात धरला. "सही साहेबाचीच आहे न?" म्हणाले. "नीट पाहून घ्या." मला माफी मागायची होती. पण ते वळून एका गोणीवर वाकले होते.

दोन वर्षांनी मला शहरात सरकारी नोकरी लागली. माफी राहूनच गेली. आणखी दोन वर्षांनी कळलं की त्यांनी छातीमुळं काम सोडलंय. एका रविवारी दुपारी मी पत्ता विचारत फुटाळ्याच्या पलीकडच्या त्यांच्या वस्तीत गेले. हिवाळाच होता. ते अंगणात उन्हात खाटेवर बसले होते, निम्मे झालेले. डॉक्टरांनी बोलायला मनाई केली होती. शेजारी त्यांची बायको संत्री सोलत होती. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, नऊवारी नेसलेल्या.

मी उभ्या उभ्याच बोलून टाकलं. त्या दिवशी मी जे बोलले ते चुकीचं होतं, हमालांसमोर बोलले, आणि चार वर्षं ते माझ्या मनात आहे. आणि पाणी मी नको म्हटलं, तेही. गोदामबाबूंनी ऐकून घेतलं. खाटेच्या रिकाम्या कडेवर तळहात दोनदा आपटला, बस म्हणून. मी बसले.

"थ्या हिवाळ्यात मलेबी शक आला होता," त्यांची बायको एकदम म्हणाली.

"कशाचा?"

"यायचाच," त्यांनी गोदामबाबूंकडे बोट दाखवलं. "नेहमीपेक्षा अर्धा घंटा अगुदर घरून निघाले लागले. काहून म्हटलं तं सांगत नाईत. शेजारीण म्हणे, धरमपेठेची कोणी पोरगी आहे. मंग एक दिस मी मांगून गेली. पायी पायी. हे तं बैलगाडीवानी सायकल चालवत होते, मले काय कठीण? पार चढापोतर गेली. तुमी उतरून उभ्या होत्या, झाडाले धरून. हे तिकडं दूर चेन पाहत होते. तुमी सायकलवर बसल्या तवा हे बसले. मी तिथूनच वापस आली."

"मग घरी विचारलं नाही त्यांना?"

"कायले विचारू? डोयानं पाह्यलं न मी." त्यांनी एक फोड माझ्या हातावर ठेवली. "तुमची हालत पाहून मलेच कसंतरी झालं."

मी फोड हातात धरून बसले. त्यांनी एका सकाळी जे पाहिलं ते माझ्यासमोर दोन महिने रोज होत होतं.

खाट करकरली. गोदामबाबू ताठ बसले होते आणि बायकोकडे डोळे विस्फारून बघत होते. हे त्यांना आज, आत्ता कळत होतं.

"तू माह्या मांगं आली होती?"

"डॉक्टरनं काय सांगतलं तुमाले? बोलू नका."

"रविनगरपासून चढापोतर? पायी? अन् मले समजलं नाई?"

"तुमी मांगं कुठं पाह्यता?"

आयुष्यभर शहरातल्या एकूण एक पेटीवर संशय घेतलेला तो माणूस तोंड उघडं टाकून बसला होता, भर थंडीत. मग त्यांना हसू फुटलं. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता परत हसू. बायकोनं पाठीवरून हात फिरवला आणि मला खुणेनं सांगितलं की आता निघा, नाहीतर हे थांबणार नाहीत.

मी सायकल घेऊन फाटकाबाहेर पडले तरी आतून त्यांची चौकशी ऐकू येत होती. एक शब्द, मग श्वास, मग पुढचा शब्द.

"लुगडं... कोणतं होतं? ...अन् घरी लेकरांपाशी... कोण होतं थ्या टाइमाले?"